दादाची बोलती जाखडी

गिरणीचा संप काही मिटत नाही असं दिसायला लागलं तेव्हा दादा मुंबईहून गावी परत आला. आमचं गाव लांज्याहून आत, डोंगराच्या अंगाला. घरात आई, वहिनी आणि मी. बाबा मी लहान असतानाच गेले होते. मी तेव्हा रत्नागिरीला डी.एड. करत होते आणि शनिवारी दुपारच्या एस्टीनं घरी यायचे. दादा आला त्या रविवारी आईनं त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं होतं. तो पोटभर जेवला आणि पडवीत जाऊन खोकत बसला. आई म्हणाली, "गाडीतली धूळ गेली असंल घशात."

दादा गिरणीत कामाला होता तरी गावात त्याला कुणी गिरणीवाला म्हणत नसे. तो जाखडीत गायचा. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. मधे ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारा बसतो, आणि भोवती एका पायात चाळ बांधलेले तरुण फेर धरतात. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की शक्तीचं गाणारे शक्तीवाले आणि शिवाचं गाणारे तुरेवाले यांचे सवाल-जवाब सुरू होतात. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातूनच ते सोडवायचं आणि जाता जाता समोरच्याची थोडी खोडही मोडायची. दादा तुरेवाला. समोरच्याचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच याचं उत्तर सुरू व्हायचं. मुंबईत कापूस पिंजण्याच्या खात्यात आठ तास काढून आला तरी गावकऱ्यांच्या खोलीत भिंतीला टेकून ओळी जुळवत बसायचा, असं त्याच्याबरोबर राहणारे सांगत.

हे सगळं त्याला शिकवलं बुवांनी. बुवा शेजारच्या वाडीतले, जुने शाहीर. बाबा गेल्यावर त्यांनीच दादाला हाताशी धरलं, पुराणातल्या कथा सांगितल्या, चाली दिल्या. त्यांच्या पायाला हात लावल्याशिवाय दादा झांज उचलत नसे.

संपाच्याच वर्षी दादाचा शाळेतला दोस्त बोटीवरून सुट्टीवर आला. हा खाडीकाठच्या गावातला, मालवाहू बोटीवर खलाशी. त्याची आई ईदला आमच्याकडे शिरखुर्मा पाठवायची आणि आमच्याकडून गणपतीत तिच्याकडे मोदक जायचे. तो एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन आला आणि पडवीत पाय सोडून बसला.

"हे ऐक," तो दादाला म्हणाला. "अमेरिकेच्या बंदरात एका काळ्या पोरानं दिलीन. तिथं गरीब वस्तीत पोरं रस्त्यावर टेप लावून उभी ऱ्हातात. एक जण बोलतो. गात नाय, नुसता तालात बोलतो. मग दुसरा त्याला जबाब देतो. बाकीची भोवती गोल करून. एखादा तर पाठीवर पडून भोवऱ्यासारखा गरगर फिरतो."

"आपली पोरं पाठीवर पडली तर उठायचीच नाय," दादा म्हणाला, आणि सगळे हसलो.

मग त्यानं कॅसेट लावली. आमच्यापैकी कुणाला एक शब्द कळला नाही. माझं डी.एड.चं इंग्रजीही तिथं चालेना. खालून ढोलासारखं काहीतरी ठक ठक वाजत होतं आणि त्याच्यावर एक तरुण माणूस धावत सुटल्यासारखा बोलत होता.

आई आतून बाहेर आली. "कोन भांडतायत गो?"

"भांडतायतच, आई," दादा म्हणाला. "पन तालात."

तो टेपच्या जवळ सरकला. पुन्हा लाव म्हणाला, पुन्हा लाव म्हणाला. खलाशी कंटाळून चहा प्यायला आत गेला तरी दादा तसाच कान लावून बसलेला. मला म्हणाला, "बाय, हा मानूस देवाचं कायच नाय बोलत. सोताच्या गल्लीचं बोलतोय."

"तुला कसं कळलं?"

"आवाजावरून. देवाचं बोलताना मानूस असा चिडत नाय."

दोस्तानं जाताना टेप आणि कॅसेट दादाकडेच ठेवली. पुढच्या सुट्टीला घेऊन जाईन म्हणाला.

गावाच्या वर कातळाचा सडा आहे. तिथं झाड नाही, घर नाही, वारा मात्र सारखा. दादा तिथं जाऊन बोलायची सवय करायला लागला. मी घरी असले की मला घेऊन जायचा, कारण ऐकायला कुणीतरी हवं. चाल त्यानं पार काढून टाकली. गुडघ्यावर थाप मारत तो आमच्याच बोलीत बोलायचा. कधी गिरणीचा भोंगा, कधी थांब्यावर न थांबता निघून जाणारी एस्टी, कधी मुंबईहून येणाऱ्या पत्राची वाट बघणारी म्हातारी. आमच्या घरात बोलतो तेच शब्द, पण ते तालात एकामागोमाग येऊन आदळायला लागले की माझ्या अंगावर काटा यायचा. आपलं बोलणं इतकं देखणं असतं हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत तर ते सोडायलाच शिकवत होते.

संप लांबला तशी वहिनी लांज्याच्या काजू कारखान्यात जायला लागली. भाजलेली बी फोडून गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख लावायच्या, तरी बोटं काळी पडायचीच. वहिनी घरी आल्यावर हात पदरात घेऊन बसायची. दादानं एका रविवारी सड्यावर मला हे ऐकवलं:

बोटं काळी, नखं काळी, राखंत घातलं हात,
गर गेला बोटीत बसून, आमच्या पानात भात.
ह्या हाताला हळद लागंल, मेंदी लागंल काय?
देवा म्हाराजा, तुज्या दारी आमचं कोन हाय?

मी ते त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

घरी येऊन त्यानं वहिनीलाही ते ऐकवलं. ती चुलीपुढे होती. तिनं मान वर केली नाही. "माजं हात साऱ्या गावाला दाखवायचं हाय काय?" एवढंच म्हणाली. दादानं तो विषय सोडून दिला. पुढच्या आठवड्यात मी आले तेव्हा वहिनी आम्हाला वाढत होती. वाढता वाढता, कुणाकडे न बघता म्हणाली, "म्हना तुमी ते. पन माजं नाव नको."

गणपतीच्या आधी बुवांच्या पडवीत तालमी सुरू झाल्या. दादानं तिथं ते म्हटलं. मी त्या दिवशी बुवांच्या सुनेला काहीतरी द्यायला गेले होते, म्हणून दारातून सगळं पाहिलं. बुवांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "चाल कुठाय?"

"चाल नाय, बुवा. नुसतं बोल हायत."

"गण नाय, गवळण नाय, चाल नाय. मग ह्याला जाखडी म्हनायचं कशापायी? कारखान्याचं गाऱ्हानं असंल तर पंचायतीत जाऊन घाल. फेऱ्यात नको."

"फेऱ्यात आपलीच मानसं असतात, बुवा."

"माज्या गुरूनं मला दिलान ते मी तुला दिलं. त्यात तू आगबोटीवरचं कायतरी आनून मिसळतोस?"

"मिसळलं नाय. ते ऐकून मला आपलंच नीट ऐकू आलं."

बुवा उठले. त्यांनी दादाच्या हातातली झांज काढून घेतली. रागानं हिसकावली असं नाही, हळूच काढून घेतली. "मग तू तुजा फेरा धर," म्हणाले आणि आत गेले. दादा त्यांच्या उंबऱ्याला हात लावून उठला.



त्यानं स्वतःचा फेरा धरला खरा. वाडीतले तरुण त्याच्यामागे आले. संपामुळे गावातच अडकलेले होते ते, हाताला काम नव्हतं. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या मंडपात त्यांनी पहिल्यांदा बोलती जाखडी केली. बुवांच्या वाडीतलं कुणी आलं नव्हतं. बायका मात्र आल्या होत्या, कारण दुपारची वेळ होती आणि सण आटोपला होता. कारखान्यातल्या बायका मागे भिंतीला धरून उभ्या होत्या, त्यांच्यात वहिनी.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण मागणं मागतो आणि बाकीचे पुरुष "व्हय म्हाराजा" असा हुंकार देतात. दादानं तो हुंकार आपल्या बोलांना जोडला होता. तो दोन ओळी बोलायचा, फेऱ्यातली पोरं पाय आपटून "व्हय म्हाराजा" म्हणायची. गिरणीचं झालं, एस्टीचं झालं. लोक हसले, टाळ्या पिटल्या. मग त्यानं काळ्या बोटांचं सुरू केलं. पोरांनी हुंकार दिला, आणि दुसऱ्या वेळी त्या हुंकारात मागून बायकांचा आवाज आला. आधी एकीचा, मग सगळ्यांचा. गाऱ्हाण्याला बायकांनी हुंकार दिलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं वळून पाहिलं आणि परत पुढे बघायला लागला. वहिनीचे ओठ हलत होते. हात पदरातच होते, पण ओठ हलत होते.

त्यानंतर दादाला बोलावणी यायला लागली. आधी आसपासच्या वाड्यांतून, मग राजापूरकडून, संगमेश्वराकडून. जाईल तिथं तो तिथल्याच गोष्टी विचारून घ्यायचा आणि त्याच दिवशी बांधायचा. काही ठिकाणी जुन्या शाहिरांनी त्याला मंडपात पाय ठेवू दिला नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटायचं नाही. बुवा समोरून येताना दिसले आणि त्यांनी वाट बदलली, की त्या दिवशी मात्र तो जेवत नसे.

आणि खोकला वाढत होता. गिरणी सुटली तरी गिरणीतली धूळ सुटली नव्हती. पुढच्या वर्षी गणपतीत माझ्या लक्षात आलं की तो ओळ पुरी करत नाही. अर्ध्या ओळीवर थांबतो, बोटानं खूण करतो आणि पोरं मधेच "व्हय म्हाराजा" म्हणतात. लोकांना ते फार आवडलं. ओळ अशी मधेच तुटली की ऐकणारा पुढच्या शब्दासाठी ताटकळतो. मीही त्याला म्हणाले, "दादा, हे नवीन बरं काढलंस."

"काढलं नाय गो," तो म्हणाला. "दम पुरत नाय."

मी त्याला रत्नागिरीला घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "कापसाच्या खात्यात किती वर्षं होता?" दादानं सांगितलं. डॉक्टर वयानं त्याच्याएवढेच असतील. म्हणाले, धूळ बसलेली आहे आणि तिच्यावर क्षयही धरला आहे. औषधं नेमानं घ्या, आणि आता हे गाणं बंद करा.

"गात नाय मी," दादा म्हणाला. "बोलतो."

"बोलणंही कमी करा."

एस्टी स्टँडवर येऊन बसलो. मी त्याला शहाळं आणून दिलं. त्यानं ते हातात धरलं, प्यायला नाही. म्हणाला, "बाय, आईला क्षय सांग. धुळीचं सांगू नको. मुंबईला तिनंच पाटवलंन मला. ती मनाला लावून घेईल." मी तसंच केलं. आईला ते कधीच कळलं नाही.

खलाशी दोस्त पुन्हा सुट्टीवर आला तेव्हा दादा पडवीतल्या बाजेवर असायचा. टेप परत न्यायला आला होता, पण दादाकडे पाहून तो बाजेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "ह्याच कॅसेटवर तुजं भरून घेऊ या." दादा म्हणाला, त्या पोराचं पुसलं जाईल की. दोस्त म्हणाला, "त्याचं जगभर हाय. तुजं कुटं हाय?" मग दोघांनी ते केलं. दोन ओळी बोलायच्या, टेप थांबवायचा, दादाला दम खाऊ द्यायचा, मग पुढच्या दोन. आई पाणी घेऊन उभी. हुंकार मी, वहिनी आणि तो खलाशी मिळून द्यायचो. ती कॅसेट आम्ही कितीतरी वर्षं जपली, पण आमच्या दमट हवेत फितीला बुरशी धरली आणि शेवटी तिच्यातून नुसती खरखर यायला लागली.

दादा गेला तो शिमग्यानंतर, सकाळच्या वेळी. आंब्याची काढणी सुरू झाली होती, त्यामुळे माणसं बागांत पांगलेली. निरोप पोचवायला पोरं धावली. त्याच्या फेऱ्यातल्या पोरांनीच त्याला उचललं. वहिनी रडली नाही. ती त्याच्या उशाशी बसून त्याचा हात दोन्ही हातांनी चोळत राहिली, ऊब आणायची असल्यासारखी. आई तिला म्हणाली, "सोड गो आता." तेव्हा तिनं सोडला.

बुवा आले नाहीत. तेराव्यालाही आले नाहीत.

त्या वर्षीच्या गणपतीत बुवांची जाखडी आमच्या वाडीत यायची पाळी होती. आई म्हणाली, येऊ दे, देवाचं आहे, नाही म्हणू नये. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला ते आले आणि आमच्याच अंगणात फेर धरला. जुन्या पद्धतीनं गण झाला, गवळण झाली. गाण्याच्या शेवटी शाहीर आपल्या गुरूचं नाव गुंफतो, तशी रीतच आहे. बुवांनी आपल्या गुरूचं नाव घेतलं. मग थांबले, आणि त्याच ओळीला जोडून दादाचं नाव घेतलं. गुरूनं शिष्याचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. झांजवाला चुकला. बुवा खाली बघत होते.

आई ओटीवर बसली होती. ती उठली आणि सरळ अंगणात गेली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, भांडेल. ती बुवांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जित्यापनी येकदा घेतलं असतंत तर त्यानं ऐकलं असतान."

बुवा म्हणाले, "व्हय." आई परत आत आली आणि तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला. फेऱ्यातल्या प्रत्येकाच्या हातात तिनं स्वतः कप दिला. बुवांच्याही.

दादाच्या फेऱ्यातली पोरं पुढे पांगली. काही मुंबईला गेली, काही आखातात. गावागावात जाखडी चालूच राहिली आणि तिच्यात हळूहळू एक गोष्ट शिरली. गाणारा मधेच ओळ तोडतो, बोटानं खूण करतो आणि फेऱ्यातले पाय आपटून हुंकार देतात. चांगले दणकट छातीचे तरुण गाणारे, एका दमात चार ओळी म्हणू शकणारे, तेही अर्ध्या ओळीवर थांबतात. तशीच पद्धत आहे असं त्यांना वाटतं. मी प्रेक्षकांत बसलेली असते आणि तो हुंकार आला की माझाच श्वास अडकतो. वहिनी असले कार्यक्रम बघायला कधी गेली नाही. तिनं कारखाना सोडला नाही, पण पुढं पुढं हात पदरात घ्यायचं सोडलं.

डी.एड. झाल्यावर मला शाळा मिळाली ती राजापूर तालुक्यात, नाटे इथं. मासेमारीचं गाव. तिथं असताना, दादा गेल्याला काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस मधल्या सुट्टीत मुली मैदानात हात धरून गोल फिरत होत्या आणि पाय आपटत काहीतरी म्हणत होत्या. मी वह्या तपासत होते. आधी ताल कानावर आला, मग शब्द.

खवलं हाती, खवलं पायी, बर्फात घातलं हात,
सुरमई गेली गाडीत बसून, आमच्या पानात भात.

आणि सगळ्या एकदम, "व्हय म्हाराजा!"

मी बाहेर आले. मुली थांबल्या, त्यांना वाटलं मी रागावणार. मी विचारलं, "हे कुणी केलंय?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतली मोठी म्हणाली, "कुनी केलं नाय, बाई. ते हायच."

"माझ्या भावानं केलंय," मी म्हणाले.

त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. पण बाईंना नाही कसं म्हणायचं म्हणून त्या मान हलवत राहिल्या. मग तीच मोठी म्हणाली, "तर मग तुमी म्हनून दाखवा."

मी वऱ्हांड्याच्या पायरीवर उभी राहून म्हणायला लागले, दादानं बांधलं होतं तसं, काजूचं. दोन ओळी म्हटल्या. मुलींनी हुंकार दिला, आणि त्यांचा हुंकार ऐकून मी तिथंच थांबले. मुली वाट बघत होत्या. मग त्या मोठ्या मुलीला वाटलं की बाई विसरल्या. तिनं तिसरी ओळ हळूच मला पुरवली, "बाबा माजा दर्यात गेला, परतून येल काय?"

दादाची ओळ ती नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं, तिची ओळ तिच्यामागून म्हटली आणि पुढची ओळ म्हणू लागले.